मुदत टळल्यावर आठवलेली शरीयत

माझ्यासमोर शरीयतचा मुद्दा बहुतेक वेळा पैसे देणं लागणारा पक्षच काढतो. करारावर सही करताना त्याला तो सुचलेला नसतो. रक्कम हातात पडते, कारखाना उभा राहतो, माल विकला जातो. मग हप्ते थकतात, नोटीस येते आणि उत्तरादाखल दिलेल्या कैफियतीत चौथ्या-पाचव्या मुद्द्याला लिहिलेलं असतं, की हा व्यवहार मुळातच इस्लामी कायद्याला धरून नव्हता, सबब तो रद्दबातल समजावा. इथपर्यंत आलं की मी चहा मागवते. पुढची दोन-तीनशे पानं कशाबद्दल असणार हे कळलेलं असतं.

याची टिंगल करणं सोपं आहे आणि आमच्या व्यवसायात ती होतेही. माझी अडचण अशी, की अधूनमधून त्या कर्जदाराचं म्हणणं खरं असतं.

मी आंतरराष्ट्रीय व्यापारी तंट्यांत लवाद म्हणून बसते. दोन देशांतल्या कंपन्या करार करतात तेव्हा एकीचा दुसरीच्या देशातल्या कोर्टावर भरवसा नसतो. म्हणून वाद झालाच तर तो तीन माणसांपुढे न्यायचा, एक तुमचा, एक आमचा आणि तिसरा अध्यक्ष, असं करारातच लिहून ठेवतात. सुनावणी लंडन, पॅरिस, दुबई, क्वालालंपूर अशी कुठेही होते. निवाडा मिळाला की १९५८च्या न्यूयॉर्क करारात सामील झालेल्या कुठल्याही देशात वसुलीसाठी जाता येतं. सौदी अरेबिया त्यात १९९४ साली आला, संयुक्त अरब अमिराती २००६ साली. करार सौदी कायद्याखालचा असेल किंवा वित्तपुरवठा इस्लामी पद्धतीचा असेल, तर तिघांपैकी एकाला तरी फिक्हचे, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचे, ग्रंथ वाचता यावे लागतात. त्या खुर्चीसाठी मला बोलावतात. माझ्यासमोरच्या प्रकरणांतली नावं आणि रकमा सांगायची मला मुभा नाही. इथे जी नावं येतील ती कोर्टात गेलेल्या किंवा छापून आलेल्या प्रकरणांची.

आमचं घर दापोली तालुक्यातलं. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई मझहबचे, म्हणजे कायद्याच्या त्या परंपरेतले. महाराष्ट्रात इतरत्र आणि उत्तरेकडे बहुतेक सुन्नी हनफी. आजोबा बोटीवर, वडील कुवेतला, भाऊ कतारला, ही आमच्याकडच्या कितीतरी घरांची हकिकत आहे. मी वकिलीकडे वळले तेव्हा मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात मुस्लिम कायदा शिकवला जायचा तो दिनशा मुल्लांच्या पुस्तकातून. एका पारशी कायदेपंडिताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं ते पुस्तक आजही वकिलांच्या कपाटात असतं. जोडीला आसफ फैजींचं. फैजी माथेरानला जन्मले, याच कॉलेजचे प्राचार्य होते, नंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. दोन्ही पुस्तकांत निकाह, मेहर, तलाक, वारसा, वक्फ, शुफा म्हणजे शेजाऱ्याचा खरेदीचा पहिला हक्क. व्यापार जवळजवळ नाहीच. इंग्रजांनी १८७२चा करार कायदा आणून देण्याघेण्यातून इस्लामी कायदा काढून टाकला आणि कुटुंबापुरता ठेवला, त्याचा हा परिणाम. भारतात शिकलेल्या वकिलाला इस्लामी कायदा म्हटलं की तलाक आठवतो तो यामुळे.

लंडनला पुढच्या शिक्षणासाठी गेले तेव्हा शिक्षकांनी मर्गिनानीची 'हिदाया' उघडायला लावली, बाराव्या शतकातली. त्यात खरेदी-विक्री, भाडं, मुखत्यारी, जामीनकी, हवाला, भागीदारी यांवर प्रकरणांमागून प्रकरणं आहेत. माल न पाहता घेतला तर काय, ताब्यात येण्याआधी पुढे विकला तर काय, भागीदार मध्येच मेला तर काय. व्यापारी एकमेकांना किती प्रकारे अडचणीत आणू शकतात याचा इतका बारीक विचार मी मुंबईच्या तीन वर्षांत वाचला नव्हता.

त्याच वर्षी वाचावा लागलेला दुसरा मजकूर म्हणजे लॉर्ड ॲस्क्विथ यांचा १९५१चा निवाडा. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तो वाचावाच लागतो आणि वाचताना राग येतो. अबुधाबीच्या शेखांनी १९३९ साली एका तेल कंपनीला ७५ वर्षांची सवलत दिली होती. तिच्यात किनाऱ्यापासून दूरचा समुद्रतळ येतो की नाही हा वाद. करार कुठल्या कायद्याने वाचायचा हे आधी ठरवायला हवं होतं. लागू होत असेल तर अबुधाबीचा कायदाच लागू होईल, हे ॲस्क्विथ यांनी मान्य केलं. आणि मग म्हटलं, की तिथले शेख कुराणाच्या आधाराने स्वतःच्या विवेकाप्रमाणे न्याय देतात, अशा मागासलेल्या मुलखात आधुनिक व्यापारी दस्त वाचण्याजोगा कायदा असेल ही कल्पनाच अवास्तव. मग सुधारलेल्या राष्ट्रांच्या सामायिक शहाणपणातली तत्त्वं घेऊ म्हणून त्यांनी जे घेतलं त्यात इंग्लिश कायद्याचाच वाटा मोठा होता. गंमत म्हणजे त्या दूरच्या समुद्रतळापुरता निकाल शेखांच्या बाजूने लागला. अपमान करून जिंकवलेला असा पक्षकार मी दुसरा पाहिलेला नाही.

अशा गोष्टी अरब राज्यकर्ते विसरले नाहीत. १९५८ साली सौदी सरकार विरुद्ध अरामको ही तेल कंपनी या लवादात जहाजमालक ओनॅसिस यांना दिलेला तेलवाहतुकीचा हक्क अरामकोच्या जुन्या सवलतीपुढे टिकला नाही. १९६३ साली सौदी मंत्रिमंडळाने सरकारी खात्यांना लवादाची वाटच बंद केली. त्या मनाईची सावली माझ्या पिढीपर्यंत होती. सौदी खात्याबरोबरचा करार हातात आला की पहिला प्रश्न, लवादाला मंजुरी कोणाची, हाच असायचा.

मला कामाला लावलं ते १९७७च्या एका निवाड्याने. लिबियाने लियामको या अमेरिकन कंपनीचे तेलहक्क ताब्यात घेतले होते आणि एकटे लवाद होते लेबनॉनचे सुभी महमसानी. लिबियाच्या कायद्यात इस्लामी तत्त्वांना जागा आहे, एवढा धागा धरून करार पाळण्याचं बंधन फिक्हमध्ये कुठून येतं, मालमत्तेचा हक्क कुठवर जातो, सत्ताधाऱ्याला तो कधी मोडता येतो, हे सगळं त्यांनी ग्रंथांच्या आधाराने मांडलं आणि आंतरराष्ट्रीय कायद्याशी जोडून दाखवलं. कंपनीला सुमारे ८ कोटी डॉलर मिळाले. महमसानी कुणावर मेहेरबान नव्हते. ॲस्क्विथ यांना जे शोधूनही सापडणार नाही असं वाटलं होतं ते महमसानींच्या कपाटात होतं, इतकंच.

आता त्या कर्जदाराकडे वळते. इस्लामी बँकेला व्याजाने पैसे देता येत नाहीत. म्हणून ती तुमच्यासाठी माल विकत घेते आणि ठरलेला नफा चढवून तुम्हाला उधारीवर विकते. हा मुराबहा. खरोखर यंत्र किंवा कापूस घ्यायचा असेल तर व्यवहार चोख आहे. पण कंपनीला पुष्कळदा यंत्र नको असतं, रोकड हवी असते. मग बँक लंडनच्या बाजारात धातू घेते, तुम्हाला उधारीवर विकते आणि तुमच्या वतीने लगेच तिसऱ्याला रोखीने विकून पैसे तुमच्या खात्यात टाकते. धातू गोदामातून हलतही नाही. याला तवर्रुक म्हणतात. मुस्लिम राष्ट्रांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने त्याचा हा आधीच बेतलेला प्रकार २००९ साली अमान्य ठरवला. त्याच वर्षी मलेशियात, पाम तेलावर असेच व्यवहार करायला, एक स्वतंत्र बाजार सुरू झाला.

बहारीनच्या शामिल बँकेने बांगलादेशच्या बेक्सिम्को समूहाला मुराबहाने पैसे दिले होते. करारात लिहिलेलं, की शरीयतच्या तत्त्वांच्या अधीन राहून इंग्लिश कायदा लागू होईल. पैसे थकल्यावर कर्जदार म्हणाले, हे मुराबहाचं सोंग आहे, आत व्याजी कर्ज आहे. २००४ साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने ते ऐकलं नाही: करार एका राष्ट्राच्या कायद्याखाली असावा लागतो, शरीयत हा काही राष्ट्राचा कायदा नाही, आणि तत्त्वं म्हणजे नेमकी कुठली हे करार सांगत नाही. कुवेतच्या इन्व्हेस्टमेंट दार कंपनीने २००९ साली त्याही पुढची पायरी गाठली. लेबनॉनच्या एका बँकेची रक्कम गुंतवायला घेतली होती, व्यवहार स्वतःच्याच शरीयत मंडळाने मंजूर केलेला; परत करायची वेळ आली तेव्हा बचाव असा, की आमच्या कंपनीच्या घटनेप्रमाणे गैरइस्लामी व्यवहार करायचा आम्हाला अधिकारच नव्हता. २०१७ साली शारजाच्या दाना गॅसने आपल्याच ७० कोटी डॉलरच्या सुकूक रोख्यांबद्दल तसंच म्हटलं. लंडनच्या कोर्टाने मानलं नाही, पुढच्या वर्षी रोखेधारकांशी तडजोड झाली.

शरीयत राष्ट्राचा कायदा नाही म्हणून कोर्टाला हात झटकता येतात. लवादाला ती सोय नाही. इंग्लंडच्याच १९९६च्या लवाद कायद्यात कलम ४६ आहे: पक्षांनी कायद्याशिवाय दुसऱ्या कुठल्या तत्त्वांवर निर्णय मागितला असेल तर लवादाने त्या तत्त्वांवर द्यायचा. म्हणजे कोर्टाने दारातून परत पाठवलेला प्रश्न आमच्या टेबलावर येतो. भारतातल्या संघी पॉलिएस्टर्स आणि कुवेतच्या एका वित्तसंस्थेच्या वादात असंच झालं. करारात इंग्लिश कायदा होता, पण शरीयतशी विरोध आला तर शरीयत वरचढ. लंडनमध्ये बसलेल्या लवादाने मुद्दल आणि ठरलेला नफा द्यायला लावला, उशिरापोटी मागितलेली वरची भरपाई शरीयतचं कारण देऊन नाकारली. २००० साली कोर्टाने तो निवाडा तसाच ठेवला.

अशा सुनावणीत बँकेचा अधिकारी साक्षीला बसला की कर्जदाराचा वकील एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो. धातू तुम्ही पाहिला का? कुठल्या गोदामात होता? विमा कोणाच्या नावावर होता? समजा त्या दोन तासांत गोदामाला आग लागली असती, तर नुकसान कोणाचं? शेवटचा प्रश्न खरा आहे. कारण मालाची जोखीम अंगावर घेतल्याशिवाय नफा घ्यायचा नाही, हे या कायद्यातलं मुख्य तत्त्व. अधिकारी बिचारा फॉर्म भरणारा. त्याने चार वाजून दहा मिनिटांनी खरेदीची नोंद केलेली असते आणि चार वाजून अकरा मिनिटांनी विक्रीची. कधीकधी उलटी.

नोंद उलटी असेल तेव्हा कर्जदाराचं म्हणणं खरं ठरतं. जवळ नसलेली वस्तू विकली, हा दोष या कायद्यात किरकोळ नाही. अशा वेळी सगळा व्यवहार पुसून टाकला, तरी घेतलेली मुद्दल परत करायचीच, असं मी धरते. नफ्याचा भाग पडतो. नोंद सुलटी असेल, शरीयत मंडळाने व्यवहार पाहून सही केली असेल आणि कर्जदारानेही ती मान्य केली असेल, तर आतल्या हेतूत मी जात नाही. विद्वानांचं एकमत नसलेल्या प्रश्नावर पक्षांनी एक बाजू पत्करली असेल, तर ती त्यांनी शेवटपर्यंत निभवावी. मी मुफ्ती नाही. हलाल-हरामचा फतवा मागायला माझ्याकडे कुणी आलेलं नसतं. ते आलेले असतात पैशासाठी. क्वालालंपूरच्या लवाद केंद्राने २०१२ साली काढलेल्या इस्लामी लवाद नियमांत शरीयतचा प्रश्न लवादाने तिथल्या शरीयत परिषदेकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवायची सोय आहे. आर्थिक मामल्यांत ती उपयोगाची आहे खरी, पण माझं मत विचाराल तर प्रश्न कसा मांडून पाठवायचा यातच निम्मा निकाल असतो. ते काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

या कामातली खरी अस्वस्थता मात्र दुसरीच आहे: उशिराची किंमत कोणी द्यायची?

आखातातल्या बांधकामांत उपकंत्राटदार पुष्कळदा भारतीय असतात. मुख्य कंत्राटदार बिल अडवतो. उपकंत्राटदार पगार भागवायला आपल्या बँकेकडून कर्ज काढतो, त्यावर व्याज भरतो. वाद लवादाकडे येतो, निकाल लागेपर्यंत सहा-सात वर्षं निघून जातात. मुद्दल मिळते, तेवढीच. ज्याने पैसे अडवले त्याने ते मधल्या काळात वापरले. सौदी कायद्याखाली मी व्याज द्यायला लावलं, तर रियाधचं अंमलबजावणी कोर्ट तेवढा तुकडा काढून टाकणार. आम्ही लवाद मंडळी त्यावर कारागिरी करतो: व्याज मुद्दलीत कधीच मिसळायचं नाही, निवाड्याच्या अखेरच्या हुकुमात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा. मग कोर्टाने एक परिच्छेद कापला तरी बाकीचा हुकूम उभा राहतो, आणि त्याच पक्षाची मालमत्ता लंडनला किंवा सिंगापूरला असेल तर तिथे तो परिच्छेदही वसूल होतो.

पण मूळ प्रश्न त्याने मिटत नाही. उपकंत्राटदाराने आपल्या बँकेला भरलेलं व्याज हे त्याचं प्रत्यक्ष नुकसान आहे का? आहे, असं म्हटलं तर मागच्या दाराने रिबा, म्हणजे निषिद्ध व्याजच, आली. नाही म्हटलं तर उशीर करणारा बक्षीस घेऊन जातो. हदीसमध्ये ऐपत असून देणं टाळणाऱ्याला जुलमी म्हटलेलं आहे. त्या वचनाच्या आधारे आजचे काही विद्वान प्रत्यक्ष झालेलं नुकसान भरून द्यायला तयार असतात; दुसरे म्हणतात, दंड लावा, पण तो धनकोच्या खिशात नको, दानधर्माला जाऊ दे. मलेशियात दोन्ही चालतं, भरपाई वेगळी आणि दंड वेगळा. माझ्या निवाड्यांत मी व्याजाच्या बाहेरची नुकसानी शोधते. उशिरामुळे बँक गॅरंटी वाढवून घ्यावी लागली, तिचं शुल्क. साइटवर अडकून पडलेल्या क्रेनचं भाडं. कामगारांचे वाढलेले व्हिसा खर्च. पावत्या असल्या की यांतलं पुष्कळ देता येतं. म्हणून लहान कंपनीच्या वकिलाला मी पहिल्याच बैठकीत पावत्यांबद्दल विचारते, आणि बहुधा त्या कंपनीने त्या ठेवलेल्या नसतात.

व्याजाच्या प्रश्नावर सगळं इस्लामी जग एकाच जागी उभं आहे, ही समजूत बाहेरच्यांची. इजिप्तच्या दिवाणी संहितेत, कायदेपंडित सनहुरींनी घडवलेल्या १९४८च्या, उशिरा दिलेल्या पैशावर दिवाणी देण्यात ४ टक्के आणि व्यापारी देण्यात ५ टक्के व्याज लिहिलेलं आहे. त्यावरून झालेला सर्वांत बोलका वाद अल-अझहर विद्यापीठाचा. त्यांच्या वैद्यकीय शाखेने शस्त्रक्रियेची उपकरणं घेतली, पूर्ण पैसे दिले नाहीत, पुरवठादार कोर्टात गेला आणि व्याजासह हुकूम मिळवला. अल-अझहरच्या रेक्टरांनी प्रकरण सर्वोच्च घटना न्यायालयात नेलं: व्याज शरीयतविरुद्ध आहे आणि १९८० पासून शरीयतची तत्त्वं संविधानाने कायद्याचा मुख्य स्रोत मानली आहेत. १९८५ साली न्यायालयाने उत्तर दिलं, की ती दुरुस्ती तिच्यानंतरच्या कायद्यांना बांधते. १९४८चं कलम जागेवर आहे. इथेही मुद्दा काढला तो देणं लागणाऱ्यानेच, फक्त या वेळी तो इस्लामी विद्येचं एक थोर पीठ होता. हेगच्या इराण-अमेरिका लवादापुढे इराणनेही व्याजाला विरोध केला. १९८७ साली त्या लवादाने व्याज देणं आपल्या अधिकारात येतं असं ठरवलं आणि दराचं वगैरे आपल्या खंडपीठांवर सोपवलं.

विद्वानांची साक्ष हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. दोन्ही बाजू एकेक शरीयत तज्ज्ञ आणतात. लंडनचा बॅरिस्टर त्यांची उलटतपासणी सुरू करतो आणि दहा मिनिटांत हरवतो, कारण त्याला हो किंवा नाही हवं असतं आणि समोरचे शेख अमुक इमामाचं एक मत, त्याच्या शिष्याचं दुसरं, आणि फतव्यासाठी स्वीकारलेलं तिसरं असं सांगत असतात. ते टाळत नसतात. त्यांच्या शास्त्रात मतभेद नोंदवणं हा अदबीचा भाग आहे. म्हणून मी दोघांना एकाच वेळी समोर बसवते. एका प्रकरणात असं बसवलं तेव्हा दोघे अर्ध्या तासात बहुतेक मुद्द्यांवर सहमत झाले. दोन्हीकडचे वकील नाराज. उरला तो एक मुद्दा, करारात कुठलीही नवी अट घालता येते का हा. बाहेर ज्यांची ख्याती सर्वांत कडक अशी, ते हनबली मझहबचे विद्वान याबाबत सर्वांत मोकळे. स्पष्ट मनाई नसेल तर अट चालते, ही त्यांच्यातल्या इब्न तैमियांची भूमिका, आणि सौदी न्यायाधीश हनबली ग्रंथांवरच निकाल देत आले. हे ऐकून आमच्या फ्रेंच सहलवादाने चष्मा काढून पुसला होता.

तांत्रिक बाबी सांगायच्या तर दुबईत साक्षीदाराची शपथ. एका अमेरिकन बांधकाम कंपनीच्या बाजूने लागलेला मोठा निवाडा दुबईच्या सर्वोच्च कोर्टाने २००४ साली रद्द केला होता, साक्षीदारांना ठरलेल्या पद्धतीने शपथ दिली नव्हती म्हणून. तेव्हापासून तिथे बसणारा प्रत्येक लवाद शपथेचा कागद समोर ठेवतो आणि निवाड्याच्या पानापानावर सही करतो. हिजरी तारखांचंही तसंच. हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे दहा वर्षांचा भाडेपट्टा कुठल्या पंचांगाने मोजायचा यावर साडेतीन महिन्यांचं भाडं अवलंबून असतं.

एका प्रकरणात प्रतिवादीने पत्र पाठवलं, की बाई अध्यक्ष असलेला निवाडा आमच्याकडे टिकणार नाही. मी उत्तरात २०१२च्या सौदी लवाद कायद्याचं कलम १४ लिहून पाठवलं: लवाद सज्ञान आणि सक्षम हवा, वर्तन चांगलं हवं, आणि अध्यक्षाकडे शरीयत किंवा कायद्याची पदवी हवी. स्त्री-पुरुष असा शब्द त्यात नाही. हनफी ग्रंथांत तर आर्थिक वादांत स्त्रीला न्यायाधीशपदही मान्य आहे. पुढे २०१६ साली दम्मामच्या प्रशासकीय अपील कोर्टाने एका सौदी स्त्रीची लवाद म्हणून झालेली नेमणूक मान्य केली. माझ्या प्रकरणात मात्र त्या पक्षाला खरा रस तारीख पुढे ढकलण्यात होता; ढकलली नाही तसा तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

याहून जास्त त्रास होतो तो 'आमचा लवाद' या समजुतीचा. नवरा-बायकोच्या भांडणात त्याच्या घरचा एक आणि तिच्या घरचा एक असे दोघे नेमा, अशी आज्ञा कुराणात आहे. ६५७ सालच्या सिफ्फीनच्या लढाईनंतर अली आणि मुआविया यांनीही आपापला माणूस दिला, आणि त्या लवादाने भांडण मिटण्याऐवजी खारिजींची तिसरी फळी निघाली. ऑटोमन साम्राज्याच्या 'मजल्ला' या १८७६ साली पुऱ्या झालेल्या संहितेत तर निवाडा होईपर्यंत लवादाला काढून टाकायची मुभा होती. आमच्या गावची जमात वाद मिटवते तेव्हाही प्रत्येकाचा आपला माणूस असतोच आणि त्याने आपली बाजू लावून धरावी अशीच अपेक्षा असते. आजच्या नियमांत ज्याने नेमलं त्याच्याशीही लवादाने नि:पक्षपातीच राहायचं असतं. हे पहिल्यांदाच लवादाला आलेल्या घरंदाज व्यापाऱ्याला समजावणं अवघड जातं. सुनावणीच्या आधी मला खजुराची पेटी येते. मी ती सगळ्यांना कळवून परत करते, आणि पाठवणाऱ्याला ते अपमानासारखं लागतं. त्याच्या दृष्टीने तो फक्त पाहुणचार होता.

अलीकडे पायाखालची जमीनच बदलली आहे. सौदी अरेबियाने पहिल्यांदाच दिवाणी व्यवहारांची लिखित संहिता केली. १६ डिसेंबर २०२३ पासून ती अमलात आली, ७२१ कलमांची. कलम १३७ प्रमाणे झालेल्या नुकसानीबरोबर हुकलेला नफाही मिळू शकतो. जुने न्यायाधीश हुकलेला नफा अनिश्चित म्हणून सहसा नाकारत. कलम ७२० मध्ये ४१ सामान्य नियम दिलेत, त्यांतले बरेच 'मजल्ला'च्या सुरुवातीच्या सूत्रांच्या घराण्यातले. तरुण वकील खूश आहेत. आता हनबली पोथ्या उलटाव्या लागत नाहीत, कलमाचा आकडा सांगितला की झालं. मला थोडं चुकल्यासारखं होतं, पण धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर त्यांचंच बरोबर आहे. परदेशी कंपनीला आपल्या कराराचं काय होणार हे आधी कळायला हवं, आणि ते सांगायला माझ्यासारखीची फी भरावी लागू नये.

पोथ्या मात्र इतक्यात कपाटात जाणार नाहीत. संहिता आधीच्या व्यवहारांनाही लागू आहे, पण जुन्या कायद्याच्या तरतुदीशी किंवा न्यायालयीन तत्त्वाशी विरोध येत असेल आणि एखाद्या पक्षाने त्याचा आधार घेतला, तर जुनंच चालतं. त्यामुळे आता वाद असा रंगतो: कंत्राटदार कलम १३७ दाखवून हुकलेला नफा मागतो, आणि मालक जुने निकाल आणून म्हणतो, की हुकलेला नफा द्यायचा नाही हे तेव्हाचं ठरलेलं तत्त्व होतं. किती निकाल एकसारखे असले म्हणजे त्यांचं तत्त्व होतं? दहा? पन्नास? आणि त्यांतले पाच उलटे सापडले तर? सध्या माझ्यापुढे हाच प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनी निकालपत्रं पाठवली आहेत. या वेळी शरीयतचा जुना नियम पैसे देणं लागणाऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्याला तो मनापासून पटलेला दिसतो.